उतरण आणि खिरका

ईदला थोरल्याचा कुर्ता धाकट्याला दिला, की हल्ली घरात तोंडं वाकडी होतात. ‘उतरण’ हा शब्दच हिणवण्याचा झालाय. सूफी खानकाहांत मात्र उतरणीसारखा मान नव्हता. पीर आपला खिरका, म्हणजे अंगरखा, मुरीदाला देई. पुष्कळदा तो ठिगळांचा असे. जितका वापरलेला, तितका मोलाचा! चिश्ती परंपरेत असा खिरका बाबा फरीदांकडून निजामुद्दीन औलियांकडे, पुढे नसीरुद्दीन चिराग-ए-देहलवींकडे आला. १३५६ साली ते वारले, तेव्हा वारस न नेमल्यानं तो त्यांच्याबरोबरच दफन झाला. आपल्या खुलदाबादेतही झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्यात पैगंबरांचा मानला जाणारा पैरहन जपलाय. मिलादला त्याच्या दर्शनासाठी गर्दी लोटते, बहुतेक नव्या कपड्यांत.