पारावरचा पेपर

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण मराठवाड्यात शाळकरी पोरालाही पाठ असते. परभणीकर ती कधी अभिमानाने म्हणतात, तर कधी रस्त्यातल्या खड्ड्यांकडे बोट दाखवून. यमक जुळले म्हणून ती टिकली, हे खरे; पण यमक जुळायला आधी शब्द कानावर पडावा लागतो. ज्वारी-कापसावर जगणाऱ्या, समुद्रापासून दूर असलेल्या या मुलखात जर्मनीचे नाव बोलीत रुजले, ते महायुद्धांच्या बातम्यांशिवाय रुजणे अवघड होते. म्हणजे ही म्हण मुळात बातमीवरचा शेराच आहे. जगात ज्याचा दबदबा ऐकला, त्याच्या शेजारी तिने आपले गाव नेऊन बसवले. राजकारण, नवी यंत्रे आणि रोजच्या घडामोडी यांवर कामाधामाच्या फटीत सहज बोलण्याची ही रीत आज मोबाइलवर आली आहे. तिला कोणी रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणतो, कोणी मोबाइलने लावलेली नवी खोड म्हणतो. दोन्ही म्हणणी चूक आहेत. परभणी जिल्ह्यात या रीतीला शंभर वर्षांचा तरी इतिहास आहे. तो नीट पाहिला तर कळते, की बोलणे हलकेफुलके होते म्हणून ते बिघडले नाही. बोलणाऱ्याला उत्तर द्यावे लागेनासे झाले, तेव्हा ते बिघडले.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्यातली रेल्वे सुरू झाली. सेलू, परभणी, पूर्णा ही ठिकाणे टपालाच्या आणि छापील कागदाच्या वाटेवर आली. तरी कागद येणे आणि तो वाचता येणे यांत मोठे अंतर होते. परभणी तेव्हा मोगलाईत, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. कचेरीची आणि कोर्टाची भाषा उर्दू, तर घरची आणि शेतातली मराठी. निजामशाही संपल्यानंतरच्या १९५१च्या जनगणनेतही हैदराबाद राज्यात शंभरांत जेमतेम नऊ माणसे साक्षर होती. अशा ठिकाणी पेपर वाचणे म्हणजे बहुतेकांसाठी पेपर ऐकणे होते. मास्तर, पोस्टमन, दुकानदार किंवा शहरात शिकून आलेला मुलगा मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. ऐकता ऐकता प्रश्न निघायचे. बातमीचा अर्थ लावण्याचे काम वाचणाऱ्याचे एकट्याचे नव्हते, ते बसलेल्या सगळ्यांचे होते. आज बातमी आधी नजरेखालून जाते आणि मग तिच्यावर मत दिले जाते. तेव्हा वाचन आणि मत या दोन पायऱ्या वेगळ्या नव्हत्याच.

या बोलण्याला त्या काळी जी किंमत होती, ती कळायला राज्यकर्त्यांची भीती पाहावी. संस्थानी सरकारने १९२०च्या दशकात काढलेली ‘गश्ती निशाण ५३’ इतिहासात कुप्रसिद्ध आहे. गश्ती म्हणजे परिपत्रक. सरकारी परवानगीशिवाय जाहीर सभा घ्यायला या गश्तीने बंदी आली. खासगी शाळांवरही निर्बंध आले. त्यामुळे वाचनालय, गणेशोत्सवातला मेळा, मराठी शाळा या साध्या दिसणाऱ्या जागांना राजकीय वजन प्राप्त झाले. परभणीचे शंभरी ओलांडलेले गणेश वाचनालय त्याच काळातून आलेले आहे. १९३७ साली संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. परतूर आज जालन्यात आहे, तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होते. त्याच सुमारास आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक सुरू केले. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली, तेव्हा ते नाव बदलून निघाले. त्या नावावर बंदी आली, तेव्हा आणखी एक नाव घेतले. २२ ऑगस्ट १९४८ रोजी, संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस कारवाईच्या तीन आठवडे आधी, हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. संस्थानाने भारतात विलीन व्हावे, असे त्यांनी लिहिले होते. चार ओळींच्या मतासाठी जिथे पत्र बंद होते आणि संपादकाचा जीव जातो, तिथे ते पत्र मोठ्याने वाचणे आणि त्यावर बोलणे ही करमणूक नव्हती. नागरिक होण्याची ती पहिली शाळा होती, आणि तिची पाटी-पेन्सिल म्हणजे गप्पा होत्या.

या शाळेचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण ते होते. पारावर, ओट्यावर, आठवडी बाजारात किंवा सलूनच्या बाकावर बोलणारा माणूस ओळखीचा असे. त्याचे शेत कुठे, त्याचा कोर्टात कोणाशी तंटा, तो कोणाच्या बाजूचा, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे आणि त्या हिशेबाने त्याच्या बोलण्यातले पाणी काढून टाकले जाई. दुसरे म्हणजे, सगळ्यांच्या पुढ्यात एकच कागद असे. ‘कुठं लिहिलंय, वाच पुन्हा’ एवढे म्हटले की पेपर उलगडला जाई आणि वाद तिथे येऊन थांबे. तिसरे म्हणजे, बोलणारा उद्याही तिथेच येणार असे. आज ठोकून दिलेली गोष्ट चार दिवसांनी खोटी ठरली, तर त्याच पारावर त्याला तोंड द्यावे लागे. ‘मागं तूच म्हणला होतास’ हे वाक्य गावात फार जपून ठेवले जाते. ओळख, समोरचा कागद आणि उद्याची भेट या तीन गोष्टींनी हलक्या बोलण्याला आपोआप वजन येत होते. कोणी संपादक नव्हता, तरी संपादन होत होते.

यावर पहिला आक्षेप सरळ आणि खरा आहे. पार सगळ्यांचा नव्हता. दलितांना चावडीच्या पायरीखाली उभे राहावे लागे आणि बायका तर तिथे नसतच. ज्या शाळेत निम्म्याहून जास्त गावाला प्रवेश नाही, तिचे गोडवे कशाला गायचे? हा आक्षेप मान्य करूनच पुढे जावे लागते. पण ज्यांना पारावर जागा नव्हती ते गप्प होते, असे मात्र नाही. बायकांचा पार जात्यावर होता. संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या नोंदवल्या गेल्या. त्यांत पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या ओव्याही आहेत. या ओव्यांत सासर-माहेर आणि विठ्ठल आहेत, तशी आगगाडी आहे, मोटार आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत. गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. दळता-कांडताना बोलायचे आणि ते बोलणे थेट देवापर्यंत न्यायचे, ही वाट त्यांनी सातशे वर्षांपूर्वी रुळवून ठेवली होती. पुढे तीवरून बातमीही चालू लागली. नव्या यंत्रांबद्दल बायकांनी जात्यावर बसून मत मांडले आणि शेवटी एका यंत्रानेच, पिठाच्या गिरणीने, ते जाते कोपऱ्यात ढकलले. पहाटेचे कष्ट गेले, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर बाईची बोलायची हक्काची जागाही गेली आणि तिच्या बदल्यात पारावर जागा काही मिळाली नाही. दलित वस्त्यांनी आपला पार आंबेडकरी जलशांत उभारला. राजकारणावरचे रोखठोक भाष्य, तेही डफ-ढोलकीच्या साथीने, तिथे झाले. म्हणजे बातमीवर बोलण्याची भूक सगळ्या गावाला होती. पार अपुरा होता, रीत अपुरी नव्हती.

रेडिओने ही रीत मोडली नाही, उलट तिला नवे साधन दिले. १९६८ साली परभणीत आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि जिल्ह्याच्या बोलीला आपला आवाज रेडिओवर ऐकू येऊ लागला. १९७२ साली इथेच कृषी विद्यापीठ आले आणि बी-बियाणे, खते, फवारणी हे विषय हवामानाइतकेच चर्चेत आले. रेडिओ एकट्याने ऐकायचा की चौघांत, याचा निकाल त्याआधीच महाराष्ट्रात लागला होता. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुण्याभोवतीच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोते मंडळे स्थापली गेली. मंडळातल्या लोकांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर चर्चा करायची, अशी पद्धत होती. पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचा अभ्यास केला. जिथे फक्त रेडिओ होता, त्या गावांपेक्षा जिथे ऐकून चर्चा होत होती, तिथे लोकांची जाण कितीतरी जास्त वाढलेली दिसली. माहिती कानावर पडणे आणि माहिती पचणे यांत गप्पांची पायरी आहे, याचा इतका चांगला पुरावा दुसरा शोधायला नको. मराठवाड्यात व्याख्यानांनी हेच काम केले. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर गावोगाव बोलत हिंडले. मनुस्मृतीपासून निवडणुकीपर्यंत कोणताही विषय त्यांनी समोर बसलेल्या साध्या माणसाला कळेल असा मांडला आणि त्याच्या शंकेला उत्तर देण्यात कमीपणा मानला नाही. १९८२ साली त्यांना मृत्यू आला तो औरंगाबादेत, एका सभेच्या व्यासपीठावर.

दुसरा आक्षेप अधिक बोचणारा आहे. पारावरच्या बोलण्याला ओळख होती, जबाबदारी होती, तर मग तिथून द्वेष का पसरला? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि परभणीसह मराठवाड्यात दलित वस्त्या जळू लागल्या. जाळणारे परके नव्हते, त्याच गावांतले होते. निजामाशी लढलेल्या ‘मराठवाडा’नेही, अनंत भालेराव यांच्यासारखा थोर संपादक असताना, नामांतराच्या विरोधातच भूमिका घेतली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. या इतिहासाकडे डोळेझाक करून पाराचे कौतुक करता येणार नाही. पण तो नेमके काय सांगतो, हेही पाहायला हवे. जिथे पारावर एकाच बाजूची माणसे बसली होती, तिथे चूक दाखवणारा कोणी नव्हता. ज्याच्याविषयी बोलणे चालले होते, त्याला त्या बैठकीत पायच ठेवता येत नव्हता. उत्तर देण्याची जबाबदारी तेव्हाच खरी होते, जेव्हा उत्तर मागणारा समोर बसलेला असतो. पाराने ती जबाबदारी पाळली ती आपल्याआपल्यात. गावकुसाबाहेर त्याने ती मानली नाही आणि तिथेच तो हरला.

मोबाइलने हाच दोष मोठा केला, आणि त्याच वेळी पाराचा जुना अन्याय दूरही केला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. सोनपेठ-पालमच्या एखाद्या वाडीतली मुलगी आज जिल्हा परिषदेच्या कारभारावर, सोयाबीनच्या भावावर, पीकविम्यावर मत मांडू शकते आणि त्यासाठी तिला कोणाच्या ओट्यावर जायची गरज नाही. हे मिळवलेले गमावता कामा नये. पण तीच बैठक आता अशी झाली आहे, की बोलणारा कोण हे माहीत नाही, समोरचा कागद एक नाही आणि उद्या कोणी जाब विचारणार नाही. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी काय झाले, ते महाराष्ट्र विसरलेला नसावा. मुले पळवणारी टोळी फिरते, अशी अफवा मोबाइलवरून पसरली आणि भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. जमावातल्या कोणालाही ‘कुठं लिहिलंय, दाखव’ असे विचारायची सवय उरली नव्हती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. यंत्राला जे करता येते ते यंत्राने केले. पुढचे काम माणसांच्या सवयीचे आहे.

तिसरा आक्षेप असा, की या जुन्या सवयी आता परत आणणे शक्य नाही, गावे बदलली आणि पारही ओस पडले. पार परत आणा, असे इथे म्हणायचेच नाही. न्यायची आहे ती पाराची शिस्त, जागा नाही. ती शिस्त फार साधी आहे. पुढे पाठवण्याआधी मूळ बातमी उघडून वाचायची. आपल्या नावाने बोलायचे. खोटे ठरले तर त्याच गटात ‘माझे चुकले’ असे लिहायचे. आणि ज्याच्याविषयी बोलतो आहोत, तो या गटात असता तर आपण हेच बोललो असतो का, हे स्वतःला विचारायचे. यातले पहिले तीन नियम परभणीच्या पारावर कोणीही न शिकवता पाळले जात होते. चौथा पाळला गेला नाही आणि त्याची किंमत १९७८ साली जळालेल्या घरांनी दिली. सभाबंदीच्या काळात चार माणसांनी एका कागदाभोवती बसून जो हक्क जपला, तो आज प्रत्येकाच्या खिशात आहे. परभणीच्या प्रत्येक तरुणाला एवढीच विनंती आहे, की बोला, रोज बोला, जर्मनीवरही बोला आणि परभणीवरही. फक्त कोणी ‘कुठं लिहिलंय, वाच पुन्हा’ म्हटले, तर रागावू नका. कागद काढा आणि पुन्हा वाचा.