१२०२ : चंद्रावर उतरताना पडद्याने मागितलेला वाटा

२० जुलै १९६९. भारतातील घड्याळांत २१ तारखेच्या रात्रीचे पावणेदोन वाजत आलेले. ‘ईगल’ हे चांद्रयान पृष्ठभागापासून सुमारे ३३ हजार फुटांवर असताना संगणकाने धोक्याचा इशारा दिला. ऑल्ड्रिनने विचारणा करताच पडद्यावर आकडा उमटला : १२०२.

या प्रसंगाची सर्वांत लोकप्रिय कथा अशी की, संगणक बिघडला आणि आर्मस्ट्राँगने यान हाताने उतरवले. मित्रहो, संगणक बिघडला नव्हता. त्याच्यावर कामांची गर्दी झाली होती, आणि त्या गर्दीत शेवटची भर पडली ती पडद्यावर एक आकडा दाखवण्याच्या कामाची. या थ्रेडमध्ये त्या पडद्याची हकिकत सांगायची आहे.

एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीत घडलेल्या या संगणकाची लिहिता-पुसता येणारी स्मृती होती अवघी २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ४ किलोबाइट. प्रोग्राम वेगळ्या, तारा ओवून विणलेल्या कायम स्मृतीत असत. एवढ्या सामग्रीवर इंजिनाचे नियंत्रण, दिशादर्शन, रडारचे वाचन आणि अंतराळवीरांशी संवाद हे सारे एकाच वेळी चालवायचे होते. त्यासाठी हॅल लॅनिंग याने ‘एक्झिक्युटिव्ह’ नावाची व्यवस्था रचली. प्रत्येक कामाला प्राधान्याचा क्रमांक द्यायचा; वरच्या क्रमांकाचे काम आले की खालच्याने बाजूला व्हायचे. आज ज्याला आपण रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो, तिचे हे एक आरंभीचे रूप होय. अशा व्यवस्थेत बरोबर उत्तर उशिरा मिळाले, तर ते चुकीच्याच खात्यात जमा होते.

या संगणकाचा चेहरा म्हणजे ‘डिस्की’. चिन्हांसह पाच-पाच अंकांच्या तीन ओळी, शिवाय प्रोग्राम, क्रियापद आणि नाम यांसाठी दोन-दोन अंक. एकूण २१ अंक आणि काही दिवे. होय, क्रियापद आणि नाम! ‘क्रियापद १६’ म्हणजे ‘सतत दाखवत राहा’, आणि काय दाखवायचे ते नामाने सांगायचे. दशांशचिन्ह नव्हतेच, ते कुठे आहे असे समजायचे, हे नामावरून ठरे. यंत्राशी बोलण्यासाठी व्याकरण वापरण्याची ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते.

पडद्याचा प्रोग्राम ‘पिनबॉल’ या नावाने ओळखला जाई. त्याची पाने आज कुणालाही वाचता येतात, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती एखाद्या दफ्तराप्रमाणेच वाचावीत. आरंभीच्या टिपणीत शेक्सपिअरच्या नाटकातील नाम-क्रियापदांची टर उडवणारे वाक्य सापडेल. पण खरी गंमत पुढे आहे. पडद्यावर काय दिसायला हवे, याचा एक तक्ता स्मृतीत ठेवलेला असे. एखादी नोंद बदलली की तिच्यावर ऋण चिन्हाची खूण केली जाई. ठरावीक वेळाने येणारा दुसरा छोटा प्रोग्राम तक्ता चाळे, खूण असलेली एक नोंद उचले आणि तेवढीच, म्हणजे एका वेळी फार तर दोन अंक, पडद्यामागच्या रिलेंकडे पाठवी. रिले एकदा वळले की तसेच राहत. न बदललेल्या अंकांसाठी संगणकाला पुन्हा श्रम नसत.

आता आजच्या मायक्रोकंट्रोलरकडे वळू. ३२० × २४० बिंदूंचा रंगीत पडदा घ्या. प्रत्येक बिंदूला दोन बाइट धरले, तर एक चित्र १,५३,६०० बाइटांचे. सेकंदाला चार कोटी बिट वाहणाऱ्या तारेवरून ते पाठवायला सुमारे ३१ मिलिसेकंद लागतात. अनेक चिपांच्या स्मृतीत तर ते पूर्ण मावतही नाही. म्हणून ‘एलव्हीजीएल’सारखी ग्राफिक्स लायब्ररी पडद्याचा बदललेला भागच पुन्हा रंगवते, आणि तोही लहान तुकड्यांत. ‘पिनबॉल’मधली ऋण चिन्हाची खूण हेच काम करत होती. बटणाचेही तसेच. डिस्कीची कळ दाबली की चालू काम क्षणभर थांबवून कळीचा क्रमांक तेवढा टिपला जाई आणि पुढचे काम एक्झिक्युटिव्हच्या हवाली होई. ‘फ्रीआरटीओएस’वर आज बटण हाताळणारी मुले हेच करतात, फक्त मधल्या साधनाला ‘क्यू’ म्हणतात.

तर मग १२०२ का आला? भेटीच्या रडारचा स्विच अशा स्थितीत होता की, विद्युतपुरवठ्यातील कला न जुळल्यामुळे संगणकाकडे निरर्थक स्पंदांचा ओघ सुरू झाला. ते मोजण्यातच त्याचा सुमारे १५ टक्के वेळ जाऊ लागला. मार्गदर्शनाचे मुख्य काम दर दोन सेकंदांनी नव्याने सुरू होई. आता ते कसेबसे पुरे होत होते. त्यात ऑल्ड्रिनने ‘क्रियापद १६, नाम ६८’ मागितले. रडारने मोजलेली उंची आणि संगणकाने काढलेली उंची यांतील फरक त्याला पाहायचा होता, आणि ही मागणी अगदी रास्त होती. पण त्यासाठी दर सेकंदाला नवा हिशेब आला. शिवाय माणूस खोळंबू नये म्हणून कळा आणि पडदा यांच्या कामांना मार्गदर्शनापेक्षा वरचे प्राधान्य दिलेले होते! मुख्य काम अपुरे राहिले, त्यामागे दुसरे येऊन उभे राहिले, आणि प्रत्येक कामाला लागणारे १२ शब्दांचे कप्पे संपले. १२०२ चा अर्थ एवढाच : कप्पा शिल्लक नाही.

मग संगणकाने स्वतःला पुन्हा सुरू केले, आणि माझ्या मते या रचनेची थोरवी इथे आहे. इंजिन आणि मार्गदर्शन यांची कामे कुठून पुढे न्यायची, याच्या नोंदी जपलेल्या होत्या. ती तत्काळ पूर्ववत झाली. ‘सतत दाखवत राहा’ ही मागणी मात्र जपलेल्यांत नव्हती. ती गळून गेली आणि तिच्याबरोबर गर्दीही. म्हणजे पडद्याला रांगेत पुढची जागा होती, पण संकटातून वाचवायच्या यादीत जागा नव्हती.

ऑल्ड्रिनने तो आकडा पुन्हा मागितला, इशारा पुन्हा आला, आणि दोहोंचा संबंध त्याच्या लक्षात आला. तसे त्याने कळवताच ह्यूस्टनने सांगितले की, उंचीतला फरक आम्हीच पाहत राहू. पडद्याचे काम अशा रीतीने पृथ्वीवर हलवले गेले.

पुढच्या टप्प्यातील प्रोग्राम अधिकच जड होता. त्यामुळे ती मागणी नसतानाही इशारे आले. या टप्प्यात पडदा एक कोन दाखवी. ऑल्ड्रिनने तो वाचायचा आणि आर्मस्ट्राँगने खिडकीवरील खुणांतून त्या कोनात पाहिले की उतरण्याची जागा दिसे. पण इशाऱ्यांमुळे आर्मस्ट्राँगचे लक्ष आत गुंतले होते. नजर बाहेर गेली, तेव्हा यान मोठमोठ्या खडकांनी वेढलेल्या विवराकडे चालले होते. त्याने नियंत्रण हाती घेऊन यान विवरापलीकडे नेले. तेव्हाही त्याच्या हालचालीनुसार यानाचा तोल आणि इंजिनाचा जोर सांभाळत होता तो हाच संगणक.