घरट्यापासून डोळ्यापर्यंत : पक्षी छायाचित्रणातील ऑटोफोकस, सुस्पष्टता आणि वऱ्हाडचा रानपिंगळा

प्रास्ताविक

पक्ष्याचे छायाचित्र हे एकाच वेळी चित्रही असते आणि पुरावाही. चित्र म्हणून पाहताना थोडी धूसरता खपून जाते, प्रसंगी ती शोभूनही दिसते. पुराव्याच्या बाबतीत मात्र तशी सवलत नाही. अमरावती जिल्ह्याच्या वायव्येस असलेल्या मेळघाटात एक असा पक्षी आहे, की ज्याची ओळख डोक्यावर पांढरे ठिपके आहेत की नाहीत एवढ्याशा तपशिलावर बरीचशी अवलंबून असते. तो पक्षी म्हणजे रानपिंगळा. टेलीफोटो लेन्स आणि ऑटोफोकस यांचा इतिहास सामान्यतः कंपन्यांचा आणि यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. या तंत्राने छायाचित्रकाराला पक्ष्याच्या घरट्यापासून दूर नेले आणि पुराव्याचे स्वरूपही बदलले, ही बाजू त्यात दुर्लक्षित राहते. प्रस्तुत निबंधात रानपिंगळ्याच्या निमित्ताने त्याच बाजूचा विचार केला आहे.

घरट्यासमोरचा कॅमेरा

इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंचे पक्ष्यांच्या घरट्यांवरील छायाचित्रयुक्त पुस्तक १८९५ साली प्रसिद्ध झाले. आरंभीच्या पक्षी छायाचित्रणाचा विषय घरटे हाच होता. पक्ष्यांवरील ममत्व हे त्याचे कारण खरेच, पण त्याहून मोठे कारण यांत्रिक होते. जड कॅमेरा, मंद काच आणि हाताने फिरवायचे फोकस असताना पक्षी कोठे येणार हे आधी माहीत असणे आवश्यक होते. ज्या जागी पक्ष्याला परत यावेच लागते अशी खात्रीची जागा एकच, ती म्हणजे अंडी किंवा पिले असलेले घरटे. त्या जागेवर आधीच फोकस साधून ठेवायचा, जवळ कापडी आडोसा उभारायचा आणि तासन् तास वाट पाहायची, ही पद्धत पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकली.

भारतातही तेच घडले. आर. एस. पी. बेट्स यांनी १९३० च्या दशकात आणि ई. एच. एन. लोथर यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांतील पक्षी मुख्यतः आडोशातून टिपलेले आहेत. लोथर हे रेल्वेच्या सेवेत होते. लोहमार्गाने भारताच्या कानाकोपऱ्यांत केवळ कापूस आणि सैन्यच नेले असे नाही, कॅमेरेही नेले. सलीम अली यांचे स्नेही लोक वान थो यांनीही याच परंपरेत काम केले. या छायाचित्रांची सुस्पष्टता आजही थक्क करते. पण ती स्थिर बैठक, ठरलेले अंतर आणि घरट्याशी बांधला गेलेला पक्षी यांतून आलेली सुस्पष्टता आहे. घरट्यावरील व्यत्ययामुळे अंडी थंड पडणे, पिले उघडी पडणे, कावळ्यासारख्या शत्रूला वाट सापडणे, ही त्याची किंमत होती. ती छायाचित्रकाराने नव्हे, पक्ष्याने मोजली.

यंत्र पाहू लागते

उडत्या पक्ष्याच्या मागे फोकस नेण्याचे प्रयत्न त्याही काळी झाले. जर्मनीतील नोव्होफ्लेक्स कंपनीच्या लेन्समध्ये बंदुकीसारखी मूठ दाबून फोकस बदलता येत असे. तरीही निर्णय डोळ्याचा आणि गती हाताचीच होती. यंत्राने स्वतः फोकस साधण्याचे तंत्र १९७७ च्या कोनिका सी ३५ एएफ या साध्या कॅमेऱ्यात बाजारात आले. १९८५ साली मिनोल्टाने ७००० हा कॅमेरा आणला, तेव्हापासून लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत ऑटोफोकस खऱ्या अर्थाने रुळला. त्यातील तंत्राच्या एकाधिकारावरून हनीवेल कंपनीने मिनोल्टाला न्यायालयात खेचले आणि १९९२ मध्ये कोट्यवधी डॉलरची भरपाई घेतली. कोणत्या संशोधनात पैसा आहे हे वकिलांना छायाचित्रकारांच्या आधी कळते, असे म्हणावे लागते.

पक्षी छायाचित्रणाच्या दृष्टीने निर्णायक वर्ष मात्र १९८७. कॅननने त्या वर्षी फोकसची मोटार कॅमेऱ्यातून काढून लेन्समध्येच बसवली. लांब लेन्समधील जड काच हलवायला स्वतंत्र शक्ती मिळाल्याने ३०० मिलिमीटरची लेन्स झटक्यात आणि जवळजवळ निःशब्दपणे फोकस होऊ लागली. निकॉनने तशी व्यवस्था आपल्या मोठ्या लेन्समध्ये १९९६ पासून दिली. हात थरथरण्याचा परिणाम कमी करणारी स्थिरीकरणाची सोय १९९५ नंतर आली आणि १९९९ पर्यंत ५०० व ६०० मिलिमीटरच्या लेन्सपर्यंत पोचली.

या तंत्राची कार्यपद्धती समजून घेतल्याशिवाय त्याच्या मर्यादा कळत नाहीत. लेन्सच्या दोन कडांकडून येणाऱ्या प्रकाशाची तुलना करून फोकस पुढे आहे की मागे, आणि किती, हे कॅमेरा ओळखतो. त्यासाठी पुरेसा प्रकाश आणि पुरेसा विरोधाभास लागतो. एफ ५.६ ची लेन्स १.४ पटीच्या कन्व्हर्टरला जोडली की ती एफ ८ होते, आणि २००० च्या दशकातील बहुसंख्य कॅमेरे अशा वेळी ऑटोफोकस नाकारत. दुसरी मर्यादा निवडीची. जुन्या ऑटोफोकसला पक्षी म्हणजे काय हे ठाऊकच नव्हते. चौकटीत जे ठळक, ते त्याचे लक्ष्य. धामणगाव रेल्वेच्या परिसरात कपाशीच्या शेतावर एका जागी पंख फडफडवत तरंगणारी कापशी घार निरभ्र आकाशात त्याला सहज सापडे. तीच घार तुरीच्या रांगांच्या पार्श्वभूमीवर खाली उतरली की फोकस तुरीवर जाई. अकोला-वाशिमच्या गवताळ पट्ट्यांत पावसाळ्यात उड्या मारणारा तणमोर तर यंत्राची खरी परीक्षाच. पक्षी क्षणभर गवताच्या वर येतो, आणि यंत्र मात्र पुढच्या गवताच्या पात्यातच अडकलेले असते.

याला जोड प्रकाशशास्त्राची. ५०० मिलिमीटर लेन्स एफ ४ वर, १० मीटर अंतरावर, ३५ मिलिमीटर फिल्मच्या प्रचलित निकषाने जेमतेम १० सेंटिमीटर खोलीतील वस्तू स्पष्ट दाखवते. रानपिंगळा सुमारे २३ सेंटिमीटरचा. डोळा स्पष्ट आला तर शेपटी धूसर होणारच. छायाचित्र संगणकावर पूर्ण आकारात पाहण्याची सवय लागल्यावर तर ही खोली आणखी आक्रसली.

शिवाय वऱ्हाडात एक अशी अडचण आहे, की जिच्यावर कोणत्याही कंपनीजवळ उपाय नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना काळ्या जमिनीवरची हवा लहरू लागते. लांब लेन्स पक्ष्याला जशी जवळ आणते तशी मधल्या हवेच्या लहरीही मोठ्या करते. फोकस अचूक असतो, शटरचा वेग १/२००० सेकंद असतो, आणि तरी पिसे पाण्याखाली असल्यासारखी दिसतात. अनेक नवशिके लेन्सला दोष देतात. दोष दुपारचा असतो. सूर्य चढण्याआधी काम आटोपणे आणि अंतर कमी करणे एवढेच दोन इलाज.

रानपिंगळा : डोक्यावरचे ठिपके

रानपिंगळ्याचा पहिला नमुना एफ. आर. ब्लेविट यांनी १८७२ च्या डिसेंबरात आजच्या छत्तीसगडच्या भागात मिळवला आणि १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी त्याचे नामकरण केले. १८८४ पर्यंत खानदेशातून जेम्स डेव्हिडसन यांनी मिळवलेले नमुने धरून एकूण ७ नमुने जमले. त्यानंतर पक्षी जणू नाहीसाच झाला. १९१४ साली गुजरातेत तापीकाठी मांडवी येथे तो मिळवल्याचा रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांचा दावा होता. तो नमुना डेव्हिडसन यांच्याच जुन्या नमुन्यांतून लांबवून नव्या चिठ्ठीसह सादर केलेला होता, हे पामेला रासमुसेन आणि नायजेल कोलार यांनी १९९० च्या दशकात उघड केले. खोट्या ठिकाणी शोध घेण्यात अनेकांचे श्रम वाया गेले होते. पुढच्या काळात रानपिंगळा म्हणून पुढे आलेली छायाचित्रेही तपासणीअंती साध्या ठिपकेवाल्या पिंगळ्याची निघाली.

खरे स्थळ लक्षात घेऊन रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांनी शोध घेतला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी हा पक्षी ११३ वर्षांनी पुन्हा दिसला. त्या वेळी त्याचे चित्रीकरण व छायाचित्रण करण्यात आले. पक्षी उघड्या फांदीवर स्वस्थ बसलेला होता. म्हणजे ऑटोफोकसच्या गतीची येथे कसोटी नव्हती. कसोटी होती ती तपशिलाची: जवळजवळ ठिपकेरहित माथा, छातीवरचा रुंद गडद पट्टा, पांढऱ्या पिसांनी भरलेले दणकट पाय. नमुना मारून पेटीत ठेवण्याऐवजी जिवंत पक्ष्याचे चित्र पुरावा म्हणून मान्य होणे, ही विज्ञानाच्या रीतीतील मोठी सुधारणा होय. पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांच्या पाहणीत हा पक्षी मेळघाटातही आढळला. त्याची आज ज्ञात असलेली सर्वांत मोठी संख्या येथेच आहे. २०१८ मध्ये जागतिक यादीत तो अतिसंकटग्रस्त वर्गातून संकटग्रस्त वर्गात आला.

दिवसा वावरणारा, सकाळी निष्पर्ण सागाच्या शेंड्यावर ऊन खात बसणारा हा पक्षी टेलीफोटो लेन्सला जणू आमंत्रणच देतो. म्हणूनच त्याच्यावरील ताणाचे स्वरूप बदलले. घरट्यापाशी आडोसा उभारण्याची गरज उरली नाही आणि अनेक स्पर्धांनी घरट्यावरील चित्रे स्वीकारणे थांबवले, ही इष्ट गोष्ट घडली. पण पाहणीसाठी संशोधक जी आवाजाची ध्वनिफीत वापरतात, तीच पक्ष्याला लेन्सच्या टप्प्यात आणण्यासाठी वाजवली जाऊ लागली. हद्द राखणारा नर प्रत्येक हाकेला धावून येतो, आणि तेवढ्या वेळाची शिकार त्याची बुडते. जुन्या आडोशाने पक्ष्याला घरट्यावर गाठले. नव्या पद्धतीने त्याला त्याच्याच आवाजाने बोलावले. या दोहोंत पक्ष्याच्या दृष्टीने फार अंतर आहे असे म्हणणे कठीण आहे.

२०२० नंतरच्या आरशाविना कॅमेऱ्यांनी पक्ष्याचा डोळा स्वतः ओळखून त्यावर फोकस धरण्यास आरंभ केला. फोकस आता चित्रसंवेदकावरच ठरत असल्याने लेन्स आणि कॅमेरा यांचा मेळ न जमल्याने होणारी पुढे-मागेची चूकही बरीचशी संपली. फांद्यांच्या जाळीत बसलेल्या रानपिंगळ्याचा पिवळा डोळा यंत्र आता क्षणात शोधते. ऑटोफोकसचा प्रवास एका अर्थाने येथे पूर्ण झाला, असे मानता आले असते.

परंतु याच काळात सुस्पष्टता छायाचित्र घेतल्यानंतर वाढवणारी संगणक प्रणाली सर्रास वापरात आली. पूर्वीची प्रणाली असलेल्या कडा ठळक करीत असे. आजची प्रणाली लाखो चित्रांवरून शिकलेली असून जेथे पीस दिसत नाही तेथे संभाव्य पीस भरते. मोर किंवा बगळा असता तर यात फारसे बिघडले नसते. पण ज्या पिंगळ्याची ओळख माथ्यावरच्या ठिपक्यांच्या असण्या-नसण्यावर ठरते, त्याच्या धूसर माथ्यावर प्रणालीने ठिपके रेखले अथवा पुसले, तर तो पुरावा उरत नाही. माइनर्ट्झहागेन यांनी चिठ्ठी बदलली होती. येथे पक्षीच बदलतो, आणि तोही कोणाच्या खोट्या हेतूवाचून. दुर्मीळ पक्ष्याच्या नोंदीसोबत छायाचित्र मागण्याची रीत आज भारतातील पक्षीनिरीक्षणात रूढ झाली आहे. मेळघाटाबाहेर, उदाहरणार्थ पोहरा-मालखेडच्या रानात, कोणी रानपिंगळा पाहिल्याचा दावा केल्यास तयार, चकचकीत चित्राऐवजी कॅमेऱ्यातून जशीच्या तशी आलेली रॉ फाइल मागवणे, आणि तीत माथा धूसर असेल तर नोंद प्रलंबित ठेवणे, हाच तपासणीचा मार्ग ठरतो. मेळघाटाच्या सकाळी काढलेले, थोडे हललेले पण हात न लावलेले चित्र अशा नोंदवहीत अधिक मोलाचे आहे.