एका अपवादातून उगवलेली दलदल

कॅलिफोर्निया राज्याने १९७४ मध्ये एक धोरण जाहीर केले: खाड्या आणि नदीमुखांत सांडपाणी सोडणे बंद करायचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला साडेचारशे किलोमीटरवर, हम्बोल्ट उपसागराच्या काठी वसलेल्या आर्केटाला ते थेट लागू झाले. लाकूडतोडीवर वाढलेल्या या गावाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम बारा हजारांच्या घरात होती.

गावाची सांडपाण्याची सोय अगदीच जुनाट नव्हती. १९४९ मध्ये प्राथमिक प्रक्रिया सुरू झाली होती आणि १९५७ मध्ये ५५ एकरांवर ऑक्सिडेशन तळी खोदली गेली होती. त्यांत सूर्यप्रकाशावर शेवाळ वाढायचे, शेवाळाच्या प्राणवायूवर जिवाणू मैला खायचे. अडचण एवढीच की बाहेर पडणाऱ्या पाण्यात तेच शेवाळ तरंगत राही. पुढे क्लोरीनची मात्राही सुरू झाली. तरी पाणी शेवटी जायचे ते उपसागरातच.

राज्याच्या अभियंत्यांना मोठी योजना हवी होती. आसपासच्या गावांचे सांडपाणी एकत्र करायचे, उपसागराच्या तळाखालून नळ टाकायचा आणि प्रक्रिया करून सारे खुल्या समुद्रात सोडायचे. त्यासाठी १९७५ मध्ये प्रादेशिक प्राधिकरणही उभे राहिले. बांधकामाचा बहुतेक खर्च केंद्र आणि राज्य सरकार उचलणार होते. पण पंप चालवण्याचे वीजबिल कायमचे गावांच्या माथी बसणार होते. वाटेतल्या मोकळ्या जमिनीवर वस्ती फोफावेल, ही धास्ती वेगळीच.

आर्केटाने नकार दिला आणि धोरणाचा मसुदा बारकाईने वाचला. त्यात एक अपवाद होता: सांडपाण्यामुळे खाडीची स्थिती ते न सोडता असती त्यापेक्षा सुधारते असे सिद्ध झाले, तर परवानगी मिळू शकेल. स्थानिक हम्बोल्ट स्टेट विद्यापीठातले मत्स्यशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज ॲलन तर प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात समुद्राचे पाणी मिसळून सॅमनची पिल्ले वाढवत होतेच. त्यांच्या जोडीला पर्यावरण अभियंते रॉबर्ट गियरहार्ट, नगरपालिकेच्या बांधकाम खात्याचे फ्रँक क्लॉप आणि नगरसेवक डॅन हाउसर आले. तळ्यांचे पाणी पाणथळीतून फिरवले तर ते स्वच्छ होते आणि पाखरांनाही आसरा मिळतो, असे त्यांचे म्हणणे होते.

राज्य यंत्रणेला ते सहजी पटले नाही. म्हणून १९७९ पासून तीन वर्षे लहान वाफ्यांत पाणकणीस आणि लव्हाळ्यासारख्या वनस्पती लावून चाचण्या झाल्या. दाट पानांच्या सावलीत शेवाळ मरते, संथ पाण्यात गाळ खाली बसतो, आणि बुडालेल्या देठांवर चिकटलेले जिवाणू उरलेली घाण फस्त करतात, हे आकड्यांनिशी दिसले. १९८३ मध्ये आर्केटाला स्वतंत्र वाट धरायची मुभा मिळाली. प्रादेशिक योजना बारगळली, शेजारच्या युरेका शहराने आपला वेगळा प्रकल्प बांधला.

पाणथळीसाठी निवडलेली जागा मोठी रम्य नव्हती. तिथे बंद पडलेली कचराभूमी होती आणि लाकूड गिरण्यांनी वापरून टाकलेली किनारपट्टी होती. तिथेच १९८१ मध्ये अभयारण्याचे उद्घाटन झाले, आणि १९८६ पासून सांडपाण्याची पूर्ण साखळी पाणथळींतून वाहू लागली. आज तीनशेहून अधिक एकरांच्या या परिसरात तीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. १९८७ मध्ये फोर्ड फाउंडेशनने नावीन्यपूर्ण कारभारासाठी गावाला पुरस्कार दिला. ॲलन, गियरहार्ट आणि हाउसर यांची नावे पाणथळींना, तर क्लॉप यांचे तळ्याला दिलेले आहे.

मात्र हा सारा पसारा खाडीकाठच्या सखल जमिनीवर, बांधांच्या आड उभा आहे. हम्बोल्ट उपसागराभोवतीची जमीन खचते आहे. त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्राची सापेक्ष पातळी इथेच सर्वांत वेगाने चढते. जुनी यंत्रणा बदलायला घेतलेल्या आर्केटाला आता बांध किती उंच करायचे, आणि प्रक्रिया केंद्र किती काळ याच जागी ठेवायचे, याचाही हिशेब मांडावा लागतो आहे.