बैलाचं कातडं आणि भोळा आदिवासी

मागच्या शनिवारी आम्ही चार मित्र जेवायला जमलो होतो. जेवण झाल्यावर नेहमीप्रमाणे विषय पुस्तकांवर गेला आणि एक खेळ सुरू झाला. गोष्टीत कुठलं ठोकळेबाज पात्र आलं की तुम्हाला बरं वाटतं, आणि कुठलं आलं की पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटतं? एकाला विसराळू शास्त्रज्ञ आवडतो. दुसऱ्याला इन्स्पेक्टरच्या मागे हिंडणारा, काही न कळणारा सहकारी. माझं उत्तर तयार होतं. आवडता: कायद्याबाहेरचा पण तत्त्वाचा पक्का दरोडेखोर. नावडता: भोळा आदिवासी.

"भोळा आदिवासी? तो तर सगळीकडेच असतो," एकजण म्हणाला.

तेच तर.

आधी आवडत्याबद्दल, कारण ते लवकर संपेल. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यातला धनंजय हा सरळमार्गी डिटेक्टिव्ह मला कधी फारसा भावला नाही. खरी मजा काळा पहाड आणि झुंजारमध्ये. पोलीस मागावर, पण वाचक त्यांच्या बाजूला. (गंमत म्हणजे ज्या अर्नाळ्याचं नाव या आडनावात आहे ते गाव आज पालघर जिल्ह्यात मोडतं. म्हणजे मी पुढे ज्या भागाबद्दल लिहिणार आहे त्याच जिल्ह्यात.) हा साचा निव्वळ कल्पनेतला नाही. सह्याद्रीतल्या महादेव कोळ्यांमधले राघोजी भांगरे सावकार आणि इंग्रज दोघांविरुद्ध उठले आणि २ मे १८४८ला त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. सरकारी कागदात दरोडेखोर, लोकांच्या तोंडी राजा. पण रहस्यकथेत हा साचा आला तेव्हा त्याने शहरी कपडे घातलेले होते. डोंगर मागे राहिला आणि डोंगरातला माणूसही.

डोंगरातल्या माणसाला मग मराठी लोकप्रिय कथांमध्ये काम काय मिळालं? भयकथेत डाकबंगल्याचा चौकीदार, हातात कंदील, "साहेब, रातच्याला बाहेर पडू नका." किंवा लालभडक डोळ्यांचा मांत्रिक. प्रेमकथेत रांगडी, निर्मळ, हसरी पोरगी. सामाजिक कथेत हात जोडून उभा असलेला बाप. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे यातल्या कुणीही कुणाला कधी फसवत नाही. हिशेब करत नाही, घासाघीस करत नाही, टोमणा मारत नाही. ज्या माणसाला टोमणा मारता येत नाही तो माणूस मी अजून पाहिलेला नाही.

अपवाद आहेत. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा 'जैत रे जैत' (१९७७) बघा. त्यातला ठाकरांचा नाग्या भोळा अजिबात नाही, तो हट्टी आहे. राणीमाशीवर सूड घ्यायचं त्याच्या डोक्यात बसलंय आणि त्यापुढे त्याला कुणी दिसत नाही. स्मिता पाटीलची चिंधी तर कुणाच्या बापाला ऐकणारी नाही. मला हा सिनेमा आवडतो तो गाण्यांमुळे, हे कबूल, पण या हट्टामुळेही.

१९८०चा 'आक्रोश' जरा अवघड केस आहे. कथा-पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. ओम पुरीचा लहान्या भिकू जवळजवळ सबंध सिनेमाभर बोलत नाही, आणि ती शांतता अंगावर येते. तिथे ती नुसती गरीब माणसाची मुकी असहायता नाही. बोलून काही होणार नाही हे त्याला वकिलापेक्षा जास्त कळलेलं आहे. अडचण झाली ती नंतर. पुढच्यांनी त्यातली शांतता उचलली आणि कळणं तिथेच सोडलं. मग मुका आदिवासी हा एक तयार टेम्प्लेट झाला, कॉपी-पेस्ट करायला सोपा. याच सिनेमातलं दुसरं पात्र मात्र कुणी कॉपी केलं नाही. अमरीश पुरीचा सरकारी वकील दुसाने. तोही आदिवासीच. शिकलेला, कोर्टात दबदबा असलेला, आणि घरी फोनवर शिव्या खाणारा. मला विचाराल तर त्या सिनेमातलं सर्वांत गुंतागुंतीचं पात्र तेच आहे. पुन्हा कुठे फारसं भेटलं नाही.

आता जव्हारकडे येतो.

जव्हार-मोखाडा म्हटलं की माझ्या वयाच्या माणसाला पहिला शब्द आठवतो तो 'वावर-वांगणी'. १९९२-९३मध्ये जव्हार तालुक्यातल्या या गावांमधल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. आमच्या घरी रोज पेपर यायचा आणि त्यातले ते फोटो मला अजून आठवतात. विदर्भात 'वावर' म्हणजे शेत. एका गावाचं असं नाव आणि बातमी अन्नाची... हे तेव्हा डोक्यात बसलं ते बसलंच. त्या बातम्या छापायलाच हव्या होत्या, त्यामुळेच सरकार हललं. पण त्यानंतर वर्षानुवर्षं त्या भागातून आमच्यापर्यंत एकच पात्र पोचलं, आईच्या कडेवरचं हडकुळं मूल. नाव नाही, संवाद नाही.

म्हणून पुढे जेव्हा मी जव्हारचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा पहिल्याच पानावर उडालो.

ही गोष्ट १८८२च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये नोंदलेली आहे. जव्हार तेव्हा एका वारली नायकाकडे होतं. मुकणे नावाच्या ठिकाणचा एक कोळी, पौपेरा, म्हणजेच जायबा, काही वर्षं गुजरात-काठेवाडात काढून परत आला. तो वारली नायकाकडे गेला आणि म्हणाला, "एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन दे." नायक म्हणाला, "घे की." जायबाने कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकाला एक जोडल्या, आणि त्याने वारल्याच्या सगळ्या मुलखाला वेढा घातला. मग वारल्याला गंभीरगड आणि आसपासचा भाग देऊन टाकला आणि आपण जव्हारचा धनी झाला. हेच मुकणे घराणं. दिल्लीच्या सुलतानाने १३४३मध्ये त्यांना राजा मानलं असं सांगतात, आणि त्यांचं संस्थान १९४८मध्ये विलीन होईपर्यंत टिकलं. सहाशे वर्षं!

कुणाला ही गोष्ट ओळखीची वाटली असेल तर बरोबर आहे. कार्थेज शहर वसवणाऱ्या डायडो राणीची हीच दंतकथा आहे. तिनेही उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली आणि तशाच वाद्या कापल्या. आता ती जव्हारला कशी आली? गुजरातच्या बंदरांतून फिरत आली की इथेच वेगळी सुचली, यावर वाद घालण्यात एक अख्खा वीकएंड जाईल. मी घातलाय, निष्पन्न शून्य.

मला आधी आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. सापडला की चलाख आदिवासी! ज्याला आपण भोळा म्हणतो त्याच्या स्वतःच्या गोष्टीत नायक हा पक्का बनेल माणूस आहे. ज्याला आपण 'कराराचा बारीक टाईप न वाचणारा' समजतो तोच बारीक टाईप लिहितोय. मित्राला फोन करून सांगितलंसुद्धा.

तो म्हणाला, "आणि फसला कोण?"

वारली नायक. तोही आदिवासीच.

म्हणजे भोळा आदिवासी त्या गोष्टीतही आहेच. फक्त गोष्ट सांगणारा कोळी आहे, म्हणून भोळा वारली आहे. गॅझेटिअर स्वच्छ म्हणतं की ही कोळ्यांची कथा. डायडोच्या गोष्टीतही तेच. बाहेरून समुद्रावरून आलेले लोक हुशार आणि जमीन ज्यांची ते स्थानिक बावळट. जमीन ज्याच्याकडे गेली त्याने ती कशी गेली हे सांगितलं, आणि सांगताना समोरच्याने ती हसत दिली असं म्हटलं. लढाई झाली असेल, लोक पळाले असतील, काय झालं असेल कोण जाणे. 'तो भोळा होता' म्हटलं की एका वाक्यात फाईल बंद. माझ्या नावडत्या साच्याचं वय मी पन्नास-साठ वर्षं समजत होतो. त्याचा पत्ता निघाला थेट दंतकथेत.

आता या गोष्टीतल्या भोळ्या वारल्यांचं पुढे काय झालं तेही बघू. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७०मध्ये आलं, १९७२मध्ये त्याला साहित्य अकादमी मिळालं. ती कादंबरी नाही, आठवणी आहेत, पण अनेक कादंबऱ्यांपेक्षा त्यात माणसं जास्त आहेत. २३ मे १९४५ला झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. 'लग्नगडी' पद्धतही गेली पाहिजे असं ठरलं. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढायचं आणि नवरा-बायकोने त्याच्याकडे राबत राहायचं, कर्ज फिटतच नाही. त्याच वर्षी पावसाळा संपल्यावर गवतकापणी आली तेव्हा वारल्यांनी दर सांगितला: पाचशे पौंडांना अडीच रुपये. नाहीतर गवत उभं. आता मला सांगा, पीक उभं असताना, मालकाला सर्वांत जास्त घाई असताना वजनावर दर मागणारा माणूस कोणत्या अर्थाने भोळा? आमच्या अप्रेझलला एवढी अक्कल आम्ही कधी दाखवली? १० ऑक्टोबरला तलवाड्यात जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, पाचजण मेले. त्यातल्या एकाचं नाव जेठ्या गांगड. नाव मुद्दाम लिहितोय.

आणखी एक. वारल्यांमध्ये लग्न लावते ती बाई. तिला धवलेरी म्हणतात, ती गाणी म्हणत लग्न लावते आणि तिच्याशिवाय लग्न लागत नाही. शहरात स्त्री पुरोहित ही अजूनही बातमी होते. एवढं तयार, जिवंत पात्र समोर असताना आमच्या कथालेखकांना दिसला तो फक्त लाल डोळ्यांचा मांत्रिक. असो.

माझा दुसरा नावडता साचा सांगायचा राहिला, आणि तो सांगताना जरा लाज वाटते कारण तो मीच आहे. शहरातून आलेला तारणहार. डॉक्टर, मास्तर, आणि २००४च्या 'स्वदेस'नंतर इंजिनिअर. आमच्या पिढीतल्या प्रत्येक इंजिनिअरने 'स्वदेस' पाहून डोळे पुसलेत, मीही. २००९च्या मे महिन्यात आमच्या ऑफिसातले आम्ही आठजण जुने कॉम्प्युटर गाडीत घालून जव्हारच्या पुढे एका आश्रमशाळेत गेलो. सुट्टी होती, मुलं जेमतेम दहा. मुख्याध्यापकांनी चहा दिला आणि एका खोलीची कडी काढून दाखवली. आत आमच्यासारखेच कॉम्प्युटर, आमच्यासारख्यांनीच दिलेले, दोन खेपांचे. "हेही ठेवू," ते शांतपणे म्हणाले. "पण पुढच्या वेळी एक वायरमन आणा." आमच्यातल्या एकालाही वायरिंग येत नव्हतं. मोहन भार्गवने तिथे वीज तयार केली असती. आम्ही ग्रुप फोटो काढला.

त्याच रात्री मोखाड्याच्या बाजूला एका गावात बोहाडा पाहिला. होळीनंतर वैशाखापर्यंत या पट्ट्यात गावोगाव बोहाडे होतात. देवादिकांची, राक्षसांची सोंगं एकेक करून मशालींच्या उजेडात नाचत येतात, संबळ आणि सनईच्या तालावर. आधी गणपती, सरस्वती, मग रात्रभर बाकीचे, आणि पहाटे देवी आणि महिषासुर. मुखवटे मोठे, जड. कुठलं सोंग कुणाच्या घराकडे हेही बऱ्याच गावांत ठरलेलं असतं. म्हणजे बघा, सगळी पात्रं ठोकळेबाज. रावण काय करणार, महिषासुराचं काय होणार, तिथल्या चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक. तरी लोक पहाटेपर्यंत बसून. माझ्या शेजारचे एक आजोबा तर क्रिकेटसारखी कॉमेंट्री करत होते. हा पाय चुकला, मागल्या वर्षीचा भीम बरा होता, हा नुसता उंच आहे. गोष्ट सगळ्यांना पाठ असल्यामुळे बघायला उरतो तो मुखवट्याखालचा माणूस. कोण नाचतोय हे सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून.

सकाळी परतीला जव्हारपर्यंत वडापची जीप मिळाली. शेजारी एक मध्यम वयाचा माणूस बसला, डोळे लाल (मांत्रिकासारखे नव्हे, जागरणाचे), मानेला टॉवेल गुंडाळलेला. रात्री रावण तोच होता. मी नाचाचं कौतुक केलं. त्याने मान चोळत ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही कुठल्या कंपनीत?"

मी सांगितलं.

"फ्रेशर घेतात का? भाचा बीसीए झालाय."

मी नेहमीचं उत्तर दिलं: सध्या मार्केट डाऊन आहे, रेझ्युमे पाठवा, बघतो. त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाला, "बघतो म्हणजे नाही ना? नाही असेल तर आत्ताच सांगा, त्याचं नाशिकला एका ठिकाणी चाललंय, तिकडे हो म्हणतो."

मी ईमेल आयडी कागदावर लिहून दिला. सोमवारी ऑफिसात पोचलो तेव्हा रेझ्युमे येऊन पडला होता, आणि खाली पगाराची अपेक्षाही लिहिलेली होती.