प्रयोगशाळानिर्मित मुखश्लेष्मल त्वचा

प्रयोगशाळानिर्मित मुखश्लेष्मल त्वचा म्हणजे रुग्णाच्या तोंडातील थोड्या पेशी शरीराबाहेर वाढवून रोपणासाठी तयार केलेली ऊती होय. तोंड, मूत्रमार्ग, अन्ननलिका आणि डोळ्याचा पृष्ठभाग यांच्या दुरुस्तीसाठी तिचा उपयोग करण्यात आला आहे.

गरज

गालाचे आतील अस्तर ओलाव्यात टिकते, त्यावर केस नसतात आणि ते काढल्यानंतरची जखम लवकर भरते. त्यामुळे अरुंद झालेला मूत्रमार्ग रुंद करण्यासाठी हे अस्तर जगभर वापरले जाते. मूत्रमार्ग एकाच बाजूने मोकळा करून दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा राखण्याची यातील एक पद्धत पुण्याचे शल्यविशारद डॉ. संजय कुलकर्णी यांच्या नावाने ओळखली जाते. परंतु गाल दोनच असतात. दोष लांबलचक असल्यास अस्तर अपुरे पडते. गुटखा व सुपारीच्या सवयीमुळे ज्यांच्या गालाचे अस्तर ताठरले आहे, अशा रुग्णांचा तर हा साठाच निकामी झालेला असतो. भारतात असे रुग्ण विरळ नाहीत.

निर्मिती

नैसर्गिक मुखश्लेष्मल त्वचेत वर अनेक पदरी अभिस्तर आणि खाली रक्तवाहिन्यांनी युक्त संयोजी ऊती असते. प्रथम काही मिलिमीटरचा तुकडा काढून विकरांच्या साहाय्याने त्यातील पेशी सुट्या केल्या जातात. अभिस्तराच्या पेशी मोठ्या प्रमाणावर वाढवण्याचा मार्ग जेम्स ऱ्हाइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी 1975 मध्ये दाखवला. त्यांनी आधारासाठी किरणोत्साराने विभाजन थांबवलेल्या, उंदराच्या तंतुजनक पेशी वापरल्या होत्या. प्राण्यांच्या पेशी व रक्तद्रव यांतून संसर्गाचा धोका संभवतो. म्हणून अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात स्टीफन फाइनबर्ग व केंजी इझुमी यांनी त्यांच्याविना चालणारी पद्धत विकसित केली. तीत पेशीविरहित मानवी त्वचेच्या तुकड्यावर अभिस्तर वाढवला जातो. शेवटच्या टप्प्यात पृष्ठभाग हवेच्या संपर्कात आणला असता पेशींचे एकावर एक थर तयार होतात.

उपयोग

सर्वांत स्पष्ट यश डोळ्याच्या बाबतीत मिळाले. जपानमधील कोजी निशिदा व सहकाऱ्यांनी 2004 मध्ये चार रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. या रुग्णांच्या दोन्ही डोळ्यांतील पारपटलाच्या मूलपेशी नष्ट झाल्या होत्या. तोंडातील 3 × 3 मिलिमीटरच्या तुकड्यापासून वाढवलेली पेशींची चादर टाके न घालता पारपटलावर बसवण्यात आली आणि चौघांचीही दृष्टी सुधारली. ही चादर तापमान उतरवताच तबकडीपासून अलगद सुटते, त्यामुळे विकरांनी तिला इजा होत नाही. जपानमध्ये अशा उपचाराला 2021 मध्ये मान्यता मिळाली.

अमेरिकेत 2012 मध्ये हिरड्यांच्या उपचारासाठी एका पेशीयुक्त उत्पादनाला मान्यता मिळाली. मात्र त्यातील पेशी तोंडातील नसून दात्याच्या त्वचेतील होत्या. त्यामुळे त्याला या लेखातील अर्थाने मुखश्लेष्मल त्वचा म्हणणे सैलपणाचे ठरेल.

मर्यादा

इंग्लंडमधील शेफील्ड येथे अशी ऊती पाच रुग्णांच्या मूत्रमार्गात बसवण्यात आली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोघांत ती तंतुमय होऊन आकसली. एकात ती पूर्णपणे, तर दुसऱ्यात अंशतः काढावी लागली. आकसणे ही या क्षेत्रातील जुनी अडचण आहे. दुसरी अडचण रक्तपुरवठ्याची. तयार ऊतीत रक्तवाहिन्या नसतात आणि सुरुवातीचे काही दिवस ती खालच्या जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावरच जगते. पारपटलावरील पातळ चादरीला तेवढे पोषण पुरते, पण जाड ऊतीच्या आतील पेशी नव्या वाहिन्या पोहोचण्यापूर्वीच मरू शकतात.