खनुकत हबाइत : कोकणातल्या मशिदी आणि सेफेरची मिरवणूक



इकडे जन्मलेल्या मुलांना आजीच्या तोंडी "मशीद" शब्द आला की हसू येते. "आजी, मशीद मुसलमानांची असते ना? आपले ते बेत क्नेसेत!" हा संवाद आपल्यापैकी कित्येक घरांत झाला असेल. आजीचे काहीच चुकत नाही. कोकणात आणि मुंबईत बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनामंदिराला पिढ्यान् पिढ्या मशीदच म्हणत आले. जिथे मूर्ती नाही आणि लोक जमून देवाची प्रार्थना करतात अशा घराला शेजारीपाजारी जो शब्द वापरत, तोच आपण घेतला. मुंबईच्या मस्जिद स्टेशनचे नावही आपल्या जुन्या मशिदीवरूनच पडले असे सांगतात.

या मशिदी बहुतेक सगळ्या एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिल्या. त्यांची पवित्र स्थापना कशी होत असे, त्यासाठी काय काय जमवावे लागे आणि त्या विधीत मुख्य गोष्ट कोणती, याची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून हा लेख लिहिला आहे.

आधी काय होते?

कोकणातल्या आपल्या पूर्वजांना लोक शनवार तेली म्हणत. धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून हे नाव. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम, काही सण आणि "शेमा" एवढे त्यांनी जपले होते. पण गावात सेफेर तोरा नव्हता आणि हिब्रू वाचणारा माणूसही नव्हता. सुंता, लग्न अशा कार्यांसाठी काजी गावोगाव फिरत. काजीपण झिराडकर, राजपूरकर, शापूरकर अशा ठरावीक घराण्यांत चालत आलेले होते. प्रार्थना घरीच व्हायची. मशीद ही कल्पनाच नव्हती, कारण मशिदीत वाचायचे काय हा प्रश्न होता.

पहिली मशीद मुंबईत १७९६ साली झाली. ती बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, कंपनी सरकारच्या फौजेत देशी अधिकारी होते. टिपू सुलतानाच्या कैदेत पडल्यावर "ही माणसे बेने इस्राएल आहेत" असे कळल्यामुळे त्यांचा जीव वाचला, आणि सुटून आल्यावर त्यांनी मशीद बांधली, अशी कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. तिचे नाव शाआर हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार. आज ती जिथे आहे तिथे ती १८६० साली आली. दिवेकरांची ही कथा सगळ्यांना माहीत असते, पण तिचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. मशीद झाली, तरी तिच्यासाठी सेफेर हवे होते. ते मिळवायला दिवेकर कोचीनला गेले आणि १७९७ साली तिथेच वारले. आमच्या मते आपल्या मशिदींचा सगळा इतिहास या एका प्रवासात आहे. चुना, दगड आणि सागवान कोकणात मिळत होते, सेफेर मिळत नव्हता.

सेफेर म्हणजे काय ते नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. मोशेची पाचही पुस्तके चामड्याच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेली असतात. अक्षरे एकंदर ३,०४,८०५. त्यातले एक अक्षर जरी चुकले किंवा पुसले गेले, तरी दुरुस्त होईपर्यंत त्या सेफेरमधून वाचता येत नाही. एक सेफेर लिहायला लेखकाला साधारण वर्ष लागते. आपल्याकडे तो लाकडी गोल पेटीत उभा ठेवून वाचायची रीत आहे, आणि वर चांदीचे रिम्मोनीम.

एकामागून एक मशिदी

मुंबईत १८४० च्या सुमारास दुसरी मशीद झाली, शाआरे रासोन. तेव्हापासून पहिली "जुनी" आणि ही "नवी" मशीद. जिथे चार मराठी माणसे जमतात तिथे दोन मंडळे होतात असा विनोद आपण करतो, तो तेव्हाही लागू होता, कारण नवी मशीद जुनीतून फुटून निघालेल्या मंडळींची.

कोकणात रेवदंड्याची बेथ एल १८४२ साली, अलिबागच्या इस्राएल आळीतली मागेन आबोथ १८४८ साली, पनवेलची बेथ एल १८४९ साली आणि पेणची १८६३ साली झाली. ठाण्याची शाआर हाशामाइम १८७९ सालची. मुरूड, पोयनाड, अंबेपूर, नांदगाव, बोर्ली, म्हसळा या गावांतही मशिदी झाल्या. बेथ एल म्हणजे देवाचे घर, मागेन आबोथ म्हणजे पूर्वजांची ढाल, शाआर हाशामाइम म्हणजे स्वर्गाचे द्वार. "द्वार" हा शब्द नावांत पुन्हा पुन्हा येतो तो उगीच नाही, हे विधीच्या वर्णनात कळेल.

हे सगळे त्याच काळात का घडले? पैसा आला हे पहिले कारण. बेने इस्राएल माणसे मुंबईच्या पलटणींत मोठ्या संख्येने होती. सुभेदार-जमादार होऊन निवृत्त झालेला माणूस पेन्शन घेऊन गावी येई आणि घराबरोबर मशिदीचाही विचार करी. दुसरे कारण माणसांचे. कोचीनहून शिकवणारे आले. त्यांच्यातले शेलोमो सालेम शुर्राबी यांनी मुंबईत लोकांना प्रार्थना शिकवल्या. १८५६ साली ते वारले. तिसरे कारण जरा अवघड वाटेल. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी आपल्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि जुना करार मराठीत आणला. जॉन विल्सन यांचे मराठीतले हिब्रू व्याकरण १८३२ सालचे आहे. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. आपल्या लोकांनी व्याकरण घेतले आणि मशिदी बांधल्या. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली, तेव्हा मशिदीत काय म्हटले जाते हे बायकामुलांनाही समजू लागले.

बगदादी मंडळी सुरुवातीला आपल्याच मशिदीत प्रार्थनेला येत. नंतर त्यांनी आपल्या वेगळ्या बांधल्या. भायखळ्याची मागेन दाविद, पुण्याची ओहेल दाविद आणि मुंबईच्या फोर्टातली केनेसेथ एलियाहू (१८८४) ही ससून घराण्याची कामे. पुण्याच्या ओहेल दाविदला लोक लाल देऊळ म्हणतात. तिचे काम १८६३ साली सुरू झाले आणि १८६७ साली पुरे झाले, पण बांधणारे दाविद ससून १८६४ सालीच वारले. त्यांची कबर त्याच आवारात आहे. त्या भव्य इमारतींपुढे रेवदंड्याची मशीद म्हणजे कौलारू घरच. विधी मात्र दोन्हीकडे एकच.

विधी

या विधीला हिब्रूत "खनुकत हबाइत", म्हणजे घराचे समर्पण, म्हणतात. हनुक्का सणाचे नाव याच शब्दातले. येरुशलेमचे मंदिर पुन्हा शुद्ध करून देवाला अर्पण केले, त्याची आठवण म्हणजे हनुक्का. शेलोमो राजाने पहिले मंदिर अर्पण केले तेव्हाची त्याची प्रार्थना राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे. तेहिलीमच्या ३० व्या स्तोत्राच्या मथळ्यातच ते घराच्या समर्पणाचे आहे असे लिहिले आहे, म्हणून ते या दिवशी म्हणतात.

गंमत अशी की नव्या सिनेगॉगसाठी धर्मशास्त्राने बारीक नियमांचा विधी घालून दिलेला नाही. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा असते तशी भिंतींची प्रतिष्ठा इथे नसते. जागा पवित्र होते ती तिथे लोकांनी प्रार्थना केल्यामुळे आणि सेफेर आत आल्यामुळे. त्यामुळे समारंभाचा प्राण म्हणजे मिरवणूक.

सेफेर जुन्या जागेतून किंवा कुणाच्या घरातून निघतात. वडीलधारी माणसे ते छातीशी धरून चालतात, वर चार काठ्यांचा मंडप, लग्नात असतो तसाच. लहानांच्या हातात मेणबत्त्या. दार बंद असते. तिथे मिरवणूक थांबते आणि दारे उघडण्याविषयीची स्तोत्रे म्हटली जातात, बहुतेक ११८ वे आणि २४ वे. मग दार उघडते. आमच्या दृष्टीने साऱ्या समारंभातला हा सर्वांत सुंदर क्षण, आणि "शाआर" हे नाव तिथे खरे होते. आत आल्यावर सेफेर घेऊन तेबाभोवती प्रदक्षिणा घालतात, बहुतेक ठिकाणी सात. सिम्हाथ तोरा ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. नंतर सेफेर हेखालमध्ये ठेवतात. आपल्याकडे हेखाल पश्चिमेच्या भिंतीत, कारण कोकणातून येरुशलेम पश्चिमेला. अखंड दिवा लावतात, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते (त्या काळी अर्थातच व्हिक्टोरिया राणीसाठी) आणि मग रोजची प्रार्थना सुरू होते. ती झाली की मशीद झाली.

अट एकच आणि ती मोडता येत नाही. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष, म्हणजे मिन्यान, हवेत. दहा नसतील तर सेफेर काढून वाचता येत नाही.

त्याच शतकात युरोपातही सिनेगॉगांची समर्पणे गाजत होती, पण तिथे वाद वेगळे होते. हॅम्बुर्गच्या १८१८ सालच्या टेंपलमध्ये ऑर्गन आणि जर्मन भाषेतल्या प्रार्थना आल्या आणि त्यावरून रणे माजली. व्हिएन्नाच्या सिनेगॉगचे समर्पण १८२६ साली झाले, तिथल्या सुल्झर या गायकाचे संगीत पुढे युरोपभर पसरले. बर्लिनचे नवे सिनेगॉग ५ सप्टेंबर १८६६ रोजी समर्पित झाले. सुमारे ३,२०० जागा, सोनेरी घुमट, आणि समारंभाला खुद्द बिस्मार्क हजर. आम्हीही या देशाचे नागरिक आहोत, हे त्या घुमटाला शहरभर सांगायचे होते. १९३८ साली नाझींच्या दंगलीत तिथे आग लावली गेली, १९४३ साली बाँब पडले आणि मुख्य सभागृह १९५८ साली पाडले गेले. कोकणातल्या मशिदींना कुणाला काही सिद्ध करून दाखवायचे नव्हते, आणि त्यांच्यावर कुणी दगडही उचलला नाही. हा फरक आपल्या मुलांना आवर्जून सांगावा.

सेफेर पुन्हा निघाले

मिश्नाच्या मगिला प्रकरणात एक नियम आहे. सिनेगॉग विकले तर त्या पैशातून अधिक पवित्र वस्तू घ्यावी, अशा पायऱ्या चढत शेवटी सेफेर घ्यावा. सेफेर विकून मात्र सिनेगॉग बांधू नये. म्हणजे घरापेक्षा सेफेर मोठा. तिथेच असेही सांगितले आहे की सिनेगॉग मोडकळीला आले तरी त्याचे पावित्र्य जात नाही. त्यात दोर वळू नयेत, जाळी पसरू नयेत, छपरावर फळे वाळत घालू नयेत, जवळची वाट म्हणून त्यातून जाऊ नये. जाळी आणि वाळवणे! हा नियम लिहिणाऱ्याने रेवदंडा पाहिला होता की काय असे वाटते.

हे नियम आपल्याला १९४८ नंतर उपयोगी पडले. वीस हजारांच्या आसपास असलेला समाज बहुतांशी इस्राएलला आला. गावागावांतून दहा पुरुष जमेनासे झाले. काही मशिदी बंद पडल्या, काही ठिकाणी सणाला मुंबई-ठाण्याहून माणसे येऊन दार उघडतात. अनेक सेफेर त्यांच्या माणसांमागून इकडे आले. ज्या मिरवणुकीने मशीद झाली होती, तीच जणू उलटी निघाली, फक्त स्तोत्रांशिवाय आणि विमानाच्या सामानातून.

कराचीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तिथल्या बेने इस्राएलांची मागेन शालोम १८९३ साली उमेरडेकर घराण्याने बांधली. कराचीचे लोक तिलाही इस्रायली मशीद म्हणत. समाज निघून गेला आणि १९८८ साली इमारत पाडून तिथे बाजार उभा राहिला. पण कराचीहून आलेल्या मंडळींनी रामला इथे सिनेगॉग स्थापले आणि नाव ठेवले मागेन शालोम.

आता एक विनंती. जुन्या मशिदींत दगडाच्या पाट्या असतात, हिब्रू आणि मराठीत. त्यांवर समर्पणाचे वर्ष आणि देणगीदारांची नावे कोरलेली असतात. हिब्रू वर्षातून ३७६० वजा केले की इंग्रजी वर्ष मिळते, म्हणजे ५६०८ असेल तर १८४८. रोश हशाना ते डिसेंबरअखेर यांमधली तारीख असेल तर ३७६१ वजा करावे. पुढच्या वेळी गावी गेलात तर पाटी ओल्या फडक्याने पुसा, सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा आणि मंडळाकडे पाठवा. ज्यांच्या गावची मशीद आता उभी नाही, त्यांच्या घरच्या जुन्या फोटोंत मागच्या भिंतीवर पाटी दिसत असेल, तर तोही चालेल.